‘डेथ नोट’मधला परीक्षार्थी हॉलिवूडला का कळला नाही?

इंदूरच्या दक्षिण भागात आग्रा-मुंबई मार्गावर भंवरकुआं नावाचा चौक आहे. २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्याला टंट्या मामा भिल्ल यांचे नाव देण्याची घोषणा केली; बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकून आहे. जवळच होळकर विज्ञान महाविद्यालय, खंडवा रस्त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आणि त्यांच्या अवतीभवती शिकवणी वर्ग, वसतिगृहे, अभ्यासिका, खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने. राज्य लोकसेवा आयोगापासून बँक आणि रेल्वे भरतीपर्यंतच्या परीक्षांसाठी माळवा-निमाडातल्या गावांतून आलेली मुले इथल्या खोल्यांत ऐन उमेदीची वर्षे काढतात. गोव्यातील वाचकाला इंदूर ठाऊक असते ते मंगेशीच्या मंगेशकरांच्या लतादीदींचे जन्मस्थान म्हणून, नाहीतर सराफ्यातल्या रात्रीच्या खाद्यपदार्थांमुळे. परंतु जपानी चित्रकथांवर हॉलिवूडने काढलेले चित्रपट त्या चित्रकथांच्या चाहत्यांना एवढे का खुपतात, हे समजून घ्यायचे असेल तर परीक्षार्थींच्या या वस्तीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

याचे कारण साधे आहे. अशा चित्रपटांपैकी ज्याच्यावर सर्वाधिक राग निघाला, त्या ‘डेथ नोट’चा नायक मुळात एक परीक्षार्थी आहे. जपानी वाचकाने त्याला तसाच ओळखला, भारतीय वाचकानेही तसाच ओळखला. हॉलिवूडने नेमका तेवढाच भाग वगळला.

जपानमध्ये चित्रकथेला मांगा म्हणतात आणि चलतचित्र मालिकेला किंवा चित्रपटाला ॲनिमे. मांगा बहुधा साप्ताहिकातून किंवा मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होतो; वाचकांची पसंती मिळाली तर वर्षानुवर्षे चालतो, नाही मिळाली तर काही आठवड्यांत गुंडाळला जातो. लोकप्रिय मांगावर ॲनिमे निघतो, मग खेळणी, व्हिडिओ गेम आणि प्रत्यक्ष नटनट्यांना घेऊन केलेला चित्रपट. हा शेवटचा प्रकार जपानमध्येही सर्रास होतो. वादळ उठते ते मुख्यतः त्याच कथेचे हक्क अमेरिकेतील निर्मात्यांकडे जातात तेव्हा.

भारतात ही चित्रसृष्टी आली ती दूरचित्रवाणीच्या मागच्या दाराने. कार्टून नेटवर्कवरचा ‘ड्रॅगन बॉल झी’, पुढे हिंदी बोलणारे डोरेमॉन आणि शिनचॅन, २००४ मध्ये सुरू झालेली ॲनिमॅक्स वाहिनी यांवर वाढलेली मुले मोठी झाली, पण त्यांनी ॲनिमे सोडला नाही. वसतिगृहांत तो पेनड्राइव्हवरून हातोहात फिरला, मग स्वस्त इंटरनेटमुळे मोबाइलवर आला. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन याचिका केली, तिच्यावर ५० हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो खरोखर लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट हिंदी, तमिळ आणि तेलुगू ध्वनिमुद्रणासह आला. आता हा छंद मूठभरांचा राहिलेला नाही. या प्रेक्षकाला गृहीत धरता येत नाही, कारण मूळ कृती त्याने बहुधा हॉलिवूडच्या आवृत्तीआधीच पाहिलेली असते.

वही, पेन आणि शिकवणी वर्ग

‘डेथ नोट’चे लेखक त्सुगुमी ओबा आणि चित्रकार ताकेशी ओबाता. ही कथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात डिसेंबर २००३ ते मे २००६ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे १२ खंड झाले. मॅडहाउस या स्टुडिओने तिच्यावर ३७ भागांची ॲनिमे मालिका केली. भारतात ज्याने आयुष्यात एकच ॲनिमे पाहिला असेल, त्याने पुष्कळदा हाच पाहिलेला असतो.

कथाबीज चटकन सांगता येते. लाइट यागामी या १७ वर्षांच्या मुलाला एक वही सापडते. ज्याचा चेहरा आठवतो आहे त्याचे नाव त्या वहीत लिहिले की तो मनुष्य मरतो. ही वही मृत्युदेवतांच्या जगातून ऱ्यूक नावाच्या एका कंटाळलेल्या मृत्युदेवाने मुद्दाम खाली टाकलेली असते. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो, जग त्याला ‘किरा’ म्हणून ओळखू लागते आणि त्याला पकडण्यासाठी ‘एल’ नावाचा विक्षिप्त गुप्तहेर मैदानात उतरतो. यागामींचे घर पोलीस अधिकाऱ्याचे. चौकशीत मुलाचे वडील स्वतः सहभागी आहेत.

पण हा झाला केवळ आराखडा. लाइट कोण आहे, हे ओबांनी फार काळजीपूर्वक ठरवले आहे. तो देशभरातल्या सराव परीक्षांत पहिला येणारा मुलगा आहे. शाळा सुटल्यावर तो शिकवणी वर्गाला जातो. जपानीत या वर्गांना ‘जुकू’ म्हणतात आणि तिथल्या शहरी मध्यमवर्गीय घरांत त्यांचे स्थान आपल्याकडच्या क्लासेसइतकेच अढळ आहे. प्रवेश परीक्षेत नापास होऊन पुढच्या वर्षाची तयारी करणाऱ्या मुलाला जपानी बोलीत ‘रोनिन’ म्हणतात, म्हणजे धनी गमावलेला सामुराई. भंवरकुआंत दुसरा किंवा तिसरा प्रयत्न करणाऱ्या मुलाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

लाइटला अपयश माहीत नाही, आणि त्याच्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे. सगळ्या प्रश्नपत्रिका सोडवून झालेल्या या मुलाला जग ही एक चुकीची सोडवलेली प्रश्नपत्रिका वाटते आणि लाल शाईचे पेन आपल्याच हाती आहे अशी त्याची खात्री पटते. ऱ्यूक पहिल्यांदा समोर येतो तेव्हा तो दचकून खुर्चीवरून पडतो, पण क्षणात सावरून सांगतो की आपण त्याची वाटच पाहत होतो. एव्हाना त्याने वही भरत आणलेली असते, नीट, ओळीने, घोटीव अक्षरात.

सगळ्यात गाजलेला प्रसंग तर थेट अभ्यासाचा आहे. संशयावरून घरात छुपे कॅमेरे बसवले आहेत. लाइट टेबलाशी बसून प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतो आहे, बाजूला बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट. उजवा हात गणिते सोडवतो. डावा हात पाकिटात जातो, तिथे दडवलेल्या छोट्या टीव्हीवर गुन्हेगाराचे नाव झळकते आणि ते वहीच्या तुकड्यावर लिहिले जाते. पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त एक मन लावून अभ्यास करणारा मुलगा. दिवाणखान्यातून वरचेवर डोकावणाऱ्या पालकांच्या नजरेखाली ज्याने अभ्यास केला आहे, त्याला हा प्रसंग विनोदी वाटतो आणि अंगावर काटाही आणतो. पुढे लाइट आणि एल एकाच विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पूर्ण गुण मिळवतात आणि स्वागत समारंभात नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने दोघेही भाषण करतात. खुनी आणि गुप्तहेर एकमेकांना पहिल्यांदा समोरासमोर भेटतात ते गुणवत्ता यादीतले शेजारी म्हणून.

सिएटलमध्ये काय झाले?

ॲडम विंगार्ड यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन ‘डेथ नोट’ २५ ऑगस्ट २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर आला. लाइट यागामीचा लाइट टर्नर झाला, टोकियोचे सिएटल झाले. नॅट वुल्फने साकारलेला हा लाइट पैसे घेऊन इतरांचा गृहपाठ करून देतो, दांडगटाचा मार खातो आणि शिक्षा म्हणून शाळेत थांबवला जातो. त्याचा पहिला बळी तोच दांडगट. ऱ्यूकला पाहून तो किंचाळत वर्गभर धावतो. वहीचे गुपित तो मिया या मुलीला सांगून टाकतो, कारण ती त्याला आवडते; पुढचा बराचसा निर्दयपणा कथेने तिच्या पदरात टाकला आहे. शेवट शाळेच्या नृत्यसमारंभातून निघून मोठ्या आकाशपाळण्यावर होतो.

टीकेचा भडिमार झाला. मुख्य पात्रे गोरी केल्याचा आक्षेप चित्रपट येण्याआधीपासूनच घेतला जात होता. तो महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे वळू. पण चित्रपट पाहिल्यानंतरची चाहत्यांची तक्रार प्रामुख्याने वेगळी होती: हा लाइट नव्हेच. मूळ लाइटवर कोणीही अन्याय केलेला नाही. त्याला आई-वडिलांचे प्रेम आहे, हुशारी आहे, रूप आहे, मान आहे. असा मुलगा खुनी होतो म्हणून कथा अस्वस्थ करते. मार खाणारा, एकटा पडलेला मुलगा सूड घेतो, ही गोष्ट अमेरिकन शालेय चित्रपटांना शंभर वेळा सांगून झाली आहे. नायकाबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटावी म्हणून त्याला आधी दुःख द्यायचे, हा हॉलिवूडचा जुना संकेत. तो इथे लावला आणि कथेचा कणाच मोडला. विलेम डफोचा ऱ्यूकसाठीचा आवाज पुष्कळांना आवडला, लकीथ स्टॅनफिल्डच्या एललाही दाद मिळाली. मधला खांब नसलेल्या मांडवाला या दोन बाजूंचा आधार पुरला नाही.

इथे भंवरकुआंकडे परतायला हवे. ‘डेथ नोट’ सिएटलऐवजी या चौकात आणून ठेवला असता तर किती गोष्टी बदलाव्या लागल्या असत्या? नावे बदलली असती, विद्यापीठाच्या जागी एखादी स्पर्धा परीक्षा आली असती. वर्गात पहिला येणारा मुलगा, पोलीस खात्यातले वडील, घराची शिस्त, अभ्यासाच्या टेबलाला असलेले देव्हाऱ्यासारखे पावित्र्य, आणि ‘तो काय वाईट करणार, तो तर अभ्यास करतो’ हा समाजाचा भाबडा विश्वास, हे सारे जसेच्या तसे राहिले असते.

एक गोष्ट तर अधिक धारदार झाली असती. जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांच्या गुन्हे शाखेने वैद्यकीय पूर्वपरीक्षेला दुसऱ्यांच्या नावावर बसायला आलेल्या तोतयांना पकडले आणि मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळातील, म्हणजे ‘व्यापमं’मधील गैरव्यवहाराचे धागे उलगडू लागले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. ज्या शहरात गुणवत्ता यादीच विकली गेल्याचे उघडकीस आले, तिथल्या प्रामाणिक परीक्षार्थीच्या हाती लाइटची वही आली तर तो पहिले नाव कोणाचे लिहील, हा प्रश्न सिएटलच्या शाळेतल्या दांडगटाहून कितीतरी जड आहे. शिवाय मूळ कथा जे विचारते तेही त्यात येते: न्यायाची एवढी तहान असलेला मुलगा कोणत्या दिवशी, कितव्या नावाला, स्वतःच गुन्हेगार होतो? चाहत्यांना ही कथा जवळची वाटते ती या भीतीमुळे. ती गमावल्यावर हाती राहतात ते रक्ताचे शिंतोडे आणि निळसर प्रकाश.

बदल म्हणजे पाप नव्हे

चाहते म्हणजे मूळ पानाची प्रत मागणारे हट्टी लोक, असा एक सोयीचा समज चित्रपटसृष्टीत आहे. तो खरा नाही. ‘डेथ नोट’वर जपानमध्येच २००६ साली शुसुके कानेको यांनी दोन चित्रपट केले. त्यांतला लाइट शाळकरी नाही, कायद्याचा विद्यार्थी आहे. दुसऱ्या भागाचा शेवट तर पूर्ण बदललेला आहे. एल स्वतःचेच नाव आधी वहीत लिहून ठेवतो आणि प्राणाच्या मोलावर डाव जिंकतो. हा शेवट मूळ कथेत नाही. तरीही तो चाहत्यांच्या पचनी पडला, कारण दोन तल्लख डोक्यांमधली चढाओढ आणि तिची किंमत हा कथेचा गाभा त्याने राखला.

मराठी प्रेक्षकाला तर हे सांगण्याची गरजच नाही. आपले रंगभूमीचे वैभव बऱ्याच अंशी रूपांतरांवर उभे आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलिअन’ची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा लंडनची फुलवाली मराठी झाली आणि कोणालाही खटकले नाही. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड लंडनला जशी होती तशीच ती महाराष्ट्रालाही होती. कथेचे बिजागर जिथे बसते तिथे दार उघडते. गाव बदलायला हरकत नसते. नव्या गावात ते बिजागर बसवायला चौकट आहे का, एवढेच पाहायचे असते.

छापील चित्र किंवा बालवाङ्मयातला नायक हाडामांसाचा होतो तेव्हा काय होते, याचेही मराठी अनुभव आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ दैनिकातल्या चित्रपट्टीतून २०१२ मध्ये पडद्यावर आला. त्याहून उद्बोधक उदाहरण ‘फास्टर फेणे’चे. त्याचे जनक भा. रा. भागवत हे जन्माने इंदूरचेच. अमेरिकन ‘डेथ नोट’नंतर दोनच महिन्यांनी, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ प्रदर्शित झाला. शाळकरी बनेश फेणे त्यात तरुण झाला होता. अमेय वाघचा हा बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्याच एका काळ्या धंद्याच्या मुळाशी जातो. अर्ध्या चड्डीतला, सायकलवरचा फुरसुंगीचा मुलगा मनात असलेल्या जुन्या वाचकाला हा बदल लहान नव्हता. तरी बनेशची दुसऱ्यासाठी धावून जाण्याची सवय, त्याची नसती उठाठेव आणि ‘ट्टॉक्’ शाबूत होते. दिलीप प्रभावळकर यांना चक्क भागवतांच्याच भूमिकेत बनेशच्या शेजारी आणून चित्रपटाने मूळ लेखकाला मानाचा पाट दिला होता. सूत्र राखले की वय वाढवलेलेही चालते, हे त्यातून दिसले. योगायोग असा की त्या एकाच वर्षी मराठी चित्रपटाने एका नायकाला परीक्षार्थी केले आणि हॉलिवूडने एका परीक्षार्थीचे परीक्षार्थीपण काढून घेतले.

गोरा चेहरा आणि तीन प्रकारचे प्रेक्षक

चाहत्यांच्या रागाचा दुसरा प्रवाह पात्रनिवडीचा. मासामुने शिरो यांच्या मांगावरून मामोरू ओशी यांनी १९९५ मध्ये केलेला ‘घोस्ट इन द शेल’ हा ॲनिमेच्या इतिहासातला मोठा टप्पा. २०१७ च्या मार्चअखेर रूपर्ट सँडर्स यांचा हॉलिवूडपट आला आणि मेजर मोतोको कुसानागीच्या भूमिकेत स्कार्लेट योहान्सन दिसली. अमेरिकेतील आशियाई वंशाच्या प्रेक्षकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. गंमत अशी की खुद्द ओशी यांना या निवडीत काही वावगे वाटले नाही. मेजरचे शरीर मुळात कृत्रिम आहे, तेव्हा ते जपानीच हवे असे म्हणण्याला आधार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा विरोधाभास वरवरचा आहे. टोकियोतल्या प्रेक्षकाला रोज हजार पडद्यांवर स्वतःसारखे चेहरे दिसतात. एक भूमिका गेल्याने त्याचे काही जात नाही. लॉस एंजेलिसमधल्या जपानी वंशाच्या मुलीला मात्र वर्षानुवर्षांत अशी एखादीच भूमिका दिसते आणि तीही दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. त्यातही कथेत उघड होते ते असे की मेजर ही मूळची जपानी मुलगी, तिचा मेंदू गोऱ्या शरीरात बसवलेला. आक्षेपाला उत्तर म्हणून ही कलाटणी योजली असेल तर तिने जखमेवर मीठच चोळले. पुढे पॅरामाउंटच्या वितरण विभागाच्या प्रमुखांनीही मान्य केले की पात्रनिवडीच्या चर्चेचा परिणाम परीक्षणांवर झाला.

भारतीय चाहता यांपैकी कोणत्याच बाकावर बसत नाही. लाइट गोरा असो वा जपानी, त्याच्यासारखा तो दिसत नाही. म्हणून त्याची नजर चेहऱ्यापेक्षा स्वभावाकडे आधी जाते. ही नजर अधिक शहाणी आहे असे नव्हे. तिच्या वाट्याला ते दुखणे आलेले नाही, इतकेच. पण केवळ चेहरा जुळवून काम भागत नाही, हे २०२१ मध्ये नेटफ्लिक्सच्याच ‘काउबॉय बीबॉप’ने दाखवून दिले. स्पाइकच्या भूमिकेत कोरियन वंशाचा जॉन चो होता, मूळ मालिकेच्या संगीतकार योको कान्नो यांना सन्मानाने परत बोलावले होते, वेशभूषा हुबेहूब होती. १९ नोव्हेंबरला आलेली ही मालिका ९ डिसेंबरला रद्द झाल्याची बातमी आली. मूळ दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी पुढे सांगितले की सुरुवातीचा कॅसिनोतला प्रसंग पाहूनच त्यांना थांबावे लागले. मूळ मालिकेत पात्रे गप्प असतात आणि त्या शांततेत त्यांचा भूतकाळ साचलेला असतो. नव्या मालिकेत ती सतत चुरचुरीत बोलत राहिली.

या बडबडीमागे एक ओशाळेपणा आहे. मोठ्या डोळ्यांची, मोठ्या आवाजात प्रतिज्ञा करणारी ही पात्रे आपल्या प्रेक्षकाला हास्यास्पद वाटतील, या भीतीने पटकथाकार आधीच त्यांची थट्टा करून मोकळा होतो. २००९ चा ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ या ओशाळेपणाचा कळस. डोंगरात वाढलेला, जगाचे छक्केपंजे न कळणारा गोकू त्यात अमेरिकन शाळेतला बुजरा मुलगा झाला. अकिरा तोरियामा यांनी सूचना केल्या, त्या मानल्या गेल्या नाहीत. हा चित्रपट ‘ड्रॅगन बॉल’ म्हणता येण्याजोगा नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. पटकथाकार बेन रॅम्से यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची माफी मागितली आणि आपण या कामाकडे कथेच्या ओढीने नव्हे तर मोबदल्याकडे पाहून गेलो, अशी कबुली दिली. हॉलिवूडमध्ये एवढा स्पष्टपणा क्वचितच पाहायला मिळतो.

लेखकाचा शब्द

३१ ऑगस्ट २०२३ रोजी आलेल्या ‘वन पीस’ने हे चित्र बदलले. १९९७ पासून चालू असलेला एइचिरो ओदा यांचा हा मांगा हातपाय रबरासारखे ताणणाऱ्या मुलाची समुद्री सफर सांगतो; प्रत्यक्ष नटांकडून करवून घेण्यास याहून अवघड कथा नसेल. इथे ओदा स्वतः कार्यकारी निर्माते होते. आपले समाधान होईपर्यंत मालिका प्रदर्शित करायची नाही हे नेटफ्लिक्सने मान्य केल्याचे त्यांनी आधीच चाहत्यांना पत्राने कळवले होते. लूफीसाठी मेक्सिकोचा इनियाकी गोदोय निवडला गेला. वास्तविक जगात लूफी ब्राझीलचा असता, झोरो जपानचा, सांजी फ्रान्सचा, असे ओदांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना पूर्वीच सांगून ठेवले होते. त्यामुळे नाना देशांचा हा संच कोणालाही उपरा वाटला नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला खरीखुरी जहाजे बांधली गेली.

बदल इथेही भरपूर होते. डॉन क्रीग या खलनायकाचे मोठे प्रकरण जवळजवळ गाळले, गार्पसारखे पात्र कितीतरी आधी आणले. चाहत्यांनी ते चालवून घेतले, कारण लूफीच्या वेडगळ आनंदाची कोणी थट्टा केली नाही. तो समुद्री चाच्यांचा राजा होणार असे ओरडून सांगतो तेव्हा कॅमेरा त्याच्यावर विश्वास ठेवतो.

लेखकाचा शब्द चालावा, ही मागणी केवळ हॉलिवूडपुरती नाही. जपानमध्ये हिनाको आशिहारा यांच्या ‘सेक्सी तानाका-सान’ या मांगावर निप्पॉन टीव्हीने २०२३ च्या उत्तरार्धात मालिका केली. कथेशी प्रामाणिक राहावे हा आग्रह वारंवार मोडला जात असल्याने शेवटचे दोन भाग लेखिकेने स्वतः लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी घडलेला प्रकार जाहीरपणे मांडला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या मृतावस्थेत आढळल्या. सारा जपान हादरला. वाहिनी आणि प्रकाशक शोगाकुकान या दोघांनाही चौकशी अहवाल प्रसिद्ध करावे लागले. कराराच्या कागदावर ‘रूपांतराचे हक्क’ असे दोन शब्द असतात. त्यांच्यामागे एका माणसाने रात्री जागून काढलेली पाने असतात, याची जाणीव त्या प्रकरणाने तिथल्या प्रकाशनविश्वाला झाली.

हॉलिवूड या खाणीपासून दूर जाणार नाही. ॲनिमेचा जागतिक बाजार वाढतो आहे आणि तयार चाहतावर्ग असलेली कथा निर्मात्याला नेहमीच सुरक्षित वाटते. युकितो किशिरो यांच्या मांगावरच्या ‘अलिटा: बॅटल एंजल’ने २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले आणि तिचे चाहते पुढच्या भागासाठी अजून पाठपुरावा करीत आहेत. ‘डेथ नोट’ही पुन्हा येणार आहे: ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे निर्माते डफर बंधू ती नव्याने मालिकारूपात करीत असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. ही मालिका येईल तेव्हा चाहत्यांना लाइटचे आडनाव, शहर किंवा डोळ्यांचा रंग याआधी एकच गोष्ट पाहायची असेल. पहिल्या प्रसंगात हा मुलगा मार खातो आहे, की वर्गात पहिला आल्यानंतर खिडकीबाहेर कंटाळून बघतो आहे?